जेवल्यावर पोट दुखतं, सगळे रिपोर्ट नॉर्मल: एमएएलएस असू शकतं का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीला जेवल्यावर अर्ध्या तासात बेंबीच्या वर कळ येते, वजन उतरत चाललंय, एंडोस्कोपी नॉर्मल आहे आणि डॉक्टर टेन्शनच्या गोळ्या देतात. हे मीडियन आर्क्युएट लिगामेंट सिंड्रोम, म्हणजे एमएएलएस, असू शकतं का? असू शकतं. मला तेच होतं, आणि कळायला अडीच वर्षं गेली. अर्धी भाकरी खाल्ली की मी पोटाशी पाय घेऊन पडायचे.

छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला महाधमनीपाशी एक चिवट कमान असते, तेच हे लिगामेंट. ती काहींच्यात जरा खाली येते आणि जठर, यकृत, प्लीहेला रक्त देणारी सीलिअ‍ॅक धमनी दाबते. श्वास सोडला की दाब वाढतो. इथेच माझं निदान अडलं होतं, कारण सीटी बहुतेक वेळा श्वास रोखून, म्हणजे छाती भरलेली असताना काढतात.

शेवटी एका व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जननी उपाशीपोटी डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी, करायला लावलं. "श्वास घ्या, धरा. आता पूर्ण सोडा, तसंच राहा." घेतल्यावर रक्ताचा वेग सेकंदाला 180 सेंमी, सोडल्यावर 370. 350 च्या वर गेला की संशय बळावतो, असं त्यांनी सांगितलं. मग सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, झाली. बाजूने पाहिल्यावर धमनी हुकासारखी वाकलेली स्पष्ट दिसली.

पण नुसत्या चित्रावर ऑपरेशनला तयार होऊ नका. असा दाब काहीच त्रास नसलेल्या माणसांतही सापडतो. अल्सर, पित्ताशयातले खडे, जठर हळू रिकामं होणं हे आधी वगळायला हवं. माझ्या बाबतीत तिथल्या नसांच्या जाळ्याला बधिर करणारं इंजेक्शनही दिलं. त्या दिवशी मी वरण-भात पोटभर जेवले आणि कळ आली नाही, तेव्हा कुठे दुर्बिणीतून कमान सैल करायचं ठरलं. ऑपरेशननंतर सगळ्यांचाच त्रास जातो असं नाही, माझा बराचसा गेला.

जुन्या सीटीची सीडी मागून घ्या, नुसता रिपोर्ट नको. काय खाल्लं, किती वेळाने दुखलं, वजन किती, हे पंधरा दिवस वहीत लिहा. उलटीत रक्त किंवा काळी शी दिसली तर मात्र थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. तोवर तिला थोडं थोडं खायला द्या आणि तिने ताट सरकवलं तर आग्रह करू नका. दुखतं म्हणून ती खात नाही.