भाचा मामावर गेला, आणि भाची का वाचली?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझं वय ४६, मुलगा २१ वर्षांचा, इंजिनिअरिंगला आहे. मागच्या दिवाळीत म्हणाला, आई, वाचताना मधलंच अक्षर गायब होतंय, कडेची दिसतात. आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. दोन महिन्यांत दुसरा डोळाही तसाच झाला. दुखत काहीच नव्हतं. पहिल्या दवाखान्यात नसेला सूज आहे म्हणून स्टेरॉइडची सलाइन लावली, फरक शून्य. मग मोठ्या ठिकाणी रक्त तपासलं तर एलएचओएन, म्हणजे डोळ्याच्या नसेचा वारशानं येणारा आजार, ११७७८ नंबरचं म्युटेशन (जनुकातला बिघाड) निघालं. माझ्यात आणि मुलीतही तेच आहे पण आमची नजर ठणठणीत. माझ्या सख्ख्या भावाची नजरही पंचविशीत अशीच गेली, तेव्हा सगळे विडीवर खापर फोडायचे, आता म्हणतात भाचा मामावर गेला. तिथले डॉक्टर म्हणाले की बायकांना इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, वाचवतं. मग मुलाला इस्ट्रोजेनच्या गोळ्या द्यायच्या का? आणि माझी पाळी आता पुढंमागं व्हायला लागलीये, माझं काय?
(एक आई, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : ताई, गोळ्यांचं आधी सांगते, नको. का ते जरा नीट सांगावं लागेल.

मामावर गेला हे लोकांनी बरोबर ओळखलंय, फक्त ते मामाकडून आलेलं नाही, तुमच्या आईकडून मामाला आणि तुम्हाला आलं आणि तुमच्याकडून मुलाला. पेशीतलं जे मायटोकॉन्ड्रिया म्हणतात ना, पेशीचं वीजघरच, त्याचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, ३७ जनुकांचा, आणि तो फक्त आईकडून येतो. एलएचओएनमधला बिघाड तिथंच असतो. १८७१ मध्ये थिओडोर लेबर नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी हा आजार नीट मांडला, पण ११७७८ चा पत्ता लागायला १९८८ उजाडलं.

डोळ्याची नस म्हणजे खरं तर मेंदूचाच बाहेर आलेला भाग, तिच्यावर मेंदूचीच आवरणं असतात. त्या नसेत साधारण दहाबारा लाख तंतू, आणि त्यातले मधली बारीक नजर सांभाळणारे तंतू सगळ्यात पातळ, त्यांना वीज कमी पडली की ते पहिले जातात. म्हणून तुमच्या मुलाला रस्त्यानं चालता येत असेल पण समोरच्याचा चेहरा ओळखू येत नसेल.

आता भाची का वाचली. जुन्या आकड्यांप्रमाणे म्युटेशन असलेल्या पुरुषांत साधारण निम्म्यांची नजर जाते आणि बायकांत दहातल्या एकीची (नव्या ऑस्ट्रेलियन मोजणीत दोन्ही आकडे बरेच कमी आलेत, पण पुरुषांचं पारडं जड ते जडच). बिघाड सारखाच असताना हा फरक का, यावर डोकं खाजवणाऱ्यांपैकी इटलीतल्या एका गटानं २०११ मध्ये एक छान प्रयोग केला. पेशंटचे मायटोकॉन्ड्रिया दुसऱ्या पेशींत भरले आणि त्या पेशींचा ग्लुकोज काढून गॅलॅक्टोज दिला. गॅलॅक्टोजवर पेशीला भागवाभागवी करता येत नाही, वीजघर चालवावंच लागतं, त्यामुळं या पेशी पटापट मरायला लागल्या. मग त्यात इस्ट्रॅडायॉल टाकलं, म्हणजे आपलं मुख्य इस्ट्रोजेन, तर जास्त पेशी तगल्या, आतला धूर कमी झाला (धूर माझा शब्द, ते ऑक्सिजनचे घातक रेणू म्हणतात) आणि नवे मायटोकॉन्ड्रिया तयार व्हायला लागले. शिवाय माणसाच्या डोळ्याच्या पडद्यात बघितलं तर ज्या पेशी या आजारात जातात त्यांच्याच मायटोकॉन्ड्रियात इस्ट्रोजेनचा बीटा रिसेप्टर सापडला. रिसेप्टर म्हणजे कुलूप समजा, हार्मोन किल्ली. अल्फा कुलूप आधीपासून माहीत होतं, बीटा १९९६ मध्ये स्वीडनला सापडलं, तेही उंदराच्या प्रोस्टेटमध्ये!

पण ताई, हे सगळं बशीतल्या पेशींवर झालंय. पुरुषाला इस्ट्रोजेनची गोळी दिली की ती दोन्ही कुलपं उघडते, छाती वाढते, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, आणि गेलेले तंतू तिनं परत आल्याचा पुरावा नाही. फक्त बीटालाच जास्त चिकटणारी, सोयाबीनमधली जेनिस्टीनसारखी द्रव्यंही तपासली गेलीत, तीही पेशींवरच. सोयाबीनची भाजी करा, आवडत असेल तर, औषध म्हणून नको.

तुमच्या पाळीचं म्हणाल तर काळजी समजू शकते, पाळी जायच्या सुमारास नजर गेलेल्या बायका नोंदल्या आहेत, पण थोड्या. फक्त डोळे वाचवायला हार्मोन घ्या असं मी सांगणार नाही. अंगातून वाफा निघणं वगैरे फार त्रास झाला तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला आणि तेव्हा हे म्युटेशन आवर्जून सांगा.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सिगारेट. विडीवर खापर फोडणारे अगदीच चुकले नव्हते, म्युटेशन असलेल्यांत धूम्रपान करणाऱ्या पुरुषांची नजर जाण्याचं प्रमाण फार जास्त दिसलंय. मुलगी, तुम्ही, मुलगा, कोणीच ओढू नका आणि घरात कोणाला ओढू देऊ नका, दारूही नको. आणि एक, आपल्याकडं टीबी काही दुर्मिळ नाही, त्याच्या औषधांतलं इथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेला त्रास देतं, तेव्हा घरात कोणाला टीबी निघालाच तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना ११७७८ सांगायचं, चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा.

मुलासाठी आयडेबेनोन हे औषध युरोपात २०१५ पासून मान्य आहे, काहींना उपयोग होतो, तुमच्या न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजिस्टना (डोळ्याची नस बघणाऱ्या डॉक्टरांना) विचारा. दिव्यांग प्रमाणपत्र लगेच काढा म्हणजे परीक्षेला लेखनिक मिळेल. त्याच्या मुलांना हे जाणार नाही, मुलीच्या मुलांना मात्र जाऊ शकतं, म्हणून लग्न ठरवताना लपवू नका आणि जेनेटिक काउन्सिलरला एकदा भेटा.

प्रश्न : आईला सत्तरीत अल्झायमर झाला. मी ५२, पाळी जाऊन वर्ष झालं. मेंदूत इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात म्हणून हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर स्मरणशक्ती टिकते असं एका व्हिडिओत ऐकलं. घेऊ?
(वाचक, ठाणे)

उत्तर : रिसेप्टर असतात हे खरंय, स्मरणशक्तीच्या हिप्पोकॅम्पस भागात भरपूर असतात. १९९० मध्ये उंदरांवर दाखवलं होतं की हार्मोन चारपाच दिवसांच्या चक्रात वरखाली होतं तशा तिथल्या पेशींवरच्या बारीक काट्यांची (जिथं पेशी एकमेकींना जोडल्या जातात) संख्याही बदलते. पण त्यावरून गोळी घ्या म्हणणं म्हणजे फार उडी झाली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, ६५ च्या पुढच्या साडेचार हजार बायका, इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत ४० जणींना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झाला आणि नुसती साखरेसारखी गोळी घेणाऱ्यांत २१ जणींना. तुम्ही ५२ च्या, त्यामुळं हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत, पण अल्झायमर टाळायला म्हणून घ्यायचं औषध हे नव्हे. आईला सत्तरीत झाला म्हणजे तुम्हाला होणारच असंही नाही, हमखास वारशानं येणारा प्रकार दुर्मिळ आणि बहुतेक पासष्टीच्या आतच दिसतो. बीपी, शुगर आणि कान तपासून घ्या, ऐकू कमी येणंही डिमेन्शियाच्या धोक्यात मोजतात.

प्रश्न : माझे मिस्टर म्हणतात पुरुषांच्या मेंदूत इस्ट्रोजेनचं काय काम? खरंच काही नसतं का?
(वाचक, नाशिक)

उत्तर : त्यांना सांगा, तुमचा मेंदू टेस्टोस्टेरॉनपासून ते रोज घरच्या घरी बनवतो, अरोमाटेज नावाच्या एन्झाइमनं, आणि पाळी गेलेल्या बाईपेक्षा सहसा तुमच्याच रक्तात ते जास्त असतं.