लासलगावचे भाव आणि निर्यातबंदी: टी-टेस्टने का भागत नाही

प्रश्न थोडक्यात असा: पीएचडीसाठी नाशिक जिल्ह्यातल्या लासलगाव बाजाराचे २०१५ पासूनचे रोजचे कांदाभाव घेतलेत, ८ डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीआधीच्या आणि नंतरच्या ९० दिवसांना टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक योगायोगाचा आहे का हे पाहणारी चाचणी) लावली, फरक ठळक आला, तरी गाईड म्हणतात की यातून बंदीचा परिणाम सिद्ध होत नाही.

गाईड बरोबर आहेत. डिसेंबरनंतर लाल कांद्याची आवक वाढते आणि बंदी नसली तरी भाव उतरतात. तुमच्या 'आधी'त चाळीतला (साठवणीच्या शेडमधला) उन्हाळी कांदा बराच आहे, 'नंतर'मध्ये जवळजवळ सगळा लाल. शिवाय 'आधी'चा काळ मुळात मोकळा नव्हताच: ऑगस्ट २०२३ पासून ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, सप्टेंबरच्या उत्तरार्धात व्यापाऱ्यांचा बंद, नोव्हेंबरअखेर जिल्ह्यात गारपीट. त्यात आजचा भाव कालच्याला चिकटून असतो. ९० दिवस म्हणजे ९० स्वतंत्र नोंदी नव्हेत, त्यामुळे टी-टेस्टचा पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही इतका फरक दिसण्याची शक्यता) उगाच लहान दिसतो.

आधी डेटा धुवा, निम्मं काम तिथेच आहे. अ‍ॅगमार्कनेटवर (केंद्राच्या बाजारभाव साइटवर) आवक टनात असते, राज्य पणन मंडळाच्या साइटवर क्विंटलमध्ये. दोन्ही जोडताना दहापटीची चूक हमखास होते, आणि भाव दोन्हीकडे क्विंटलचेच असल्याने ती लवकर लक्षातही येत नाही. लासलगाव, लासलगाव-विंचूर आणि लासलगाव-निफाड या वेगळ्या नोंदी आहेत, मिसळू नका. हंगाम बदलताना एकाच तारखेला लाल आणि उन्हाळी अशा दोन ओळी येतात. एक्सेलमधलं 'डुप्लिकेट काढा' त्यातली एक गुपचूप खाऊन टाकू शकतं. जात हा वेगळा रकाना ठेवा. किमान-कमाल भाव सोडा, सर्वसाधारण भाव घ्या. किमान भावात बऱ्याचदा गोल्टी-खाद, म्हणजे बारीक आणि खराब माल, असतो.

लिलाव बंद असलेल्या दिवशी शून्य भरू नका, मधला भाव काढूनही भरू नका. दिवाळीची सुट्टी, अमावास्येला बाजार बंद ठेवण्याची पूर्वीची रीत, संप यांमुळे खूप खाचा पडतात. त्या सरळ रेषेने भरल्या की बाजार आहे त्यापेक्षा शांत दिसतो. आवकेचं वजन देऊन आठवड्याची सरासरी काढा. ज्या आठवड्यात दोनपेक्षा कमी दिवस लिलाव झाले, तो रिकामा सोडा.

मग आठवड्याच्या भावाचा लॉग घ्या. वर्षातल्या महिन्यांचे डमी (तो महिना असेल तर १, नसेल तर ०), जातीचा डमी, आणि धोरणाच्या प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र डमी: शुल्क, किमान निर्यातमूल्य, बंदी, ४ मे २०२४ नंतरचा ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य अधिक ४० टक्के शुल्काचा काळ. २९ सप्टेंबर २०१९ आणि १४ सप्टेंबर २०२० च्या बंद्या विसरू नका, नाहीतर त्यांचा परिणाम 'सामान्य काळा'त शिरतो. स्टँडर्ड एरर न्यूई-वेस्टचे, म्हणजे भावांचं एकमेकांना चिकटून असणं धरून काढलेले. मालिका स्थिर आहे का हे पाहणाऱ्या साध्या एडीएफ चाचणीवर विसंबू नका. मालिकेच्या पातळीत अचानक मोठा बदल, म्हणजे ब्रेक, असेल तर ती स्थिर मालिकेलाही अस्थिर ठरवू शकते. ब्रेक धरून चालणारी झिवॉट-अँड्र्यूज चाचणी सोबत द्या.

आवक मॉडेलमध्ये घ्यायची का, इथे बहुतेक प्रबंध घसरतात. भाव पडला की शेतकरी माल थांबवतो, म्हणजे आवक भावावरच अवलंबून. पण हे उन्हाळी कांद्याला लागू, तो चाळीत चार-सहा महिने टिकतो. लाल कांद्यात पाणी जास्त, तो काढला की विकावाच लागतो. म्हणून डिसेंबर २०२३ साठी लाल कांद्याची आवक घेणं बरंच सुरक्षित; २०१९-२० च्या बंद्या सप्टेंबरातल्या, म्हणजे चाळीतल्या उन्हाळी कांद्याच्या काळातल्या, तिथे तेच केलंत तर परीक्षक धरतील, आणि धरायलाच हवं.

आता खरी कसोटी. ८ डिसेंबर २०२१ आणि ८ डिसेंबर २०२२ ला बंदी आली असं समजून तेच मॉडेल चालवा. त्या दोन्ही वर्षी निर्यात खुली होती. तिथेही तितकीच घसरण दिसली तर तुम्ही हंगाम मोजताय, बंदी नव्हे.

दिल्लीच्या आझादपूर बाजाराला 'नियंत्रण गट' (बंदीचा परिणाम नसलेला, तुलनेसाठीचा बाजार) म्हणण्याचा मोह होईल. बंदी देशभर होती, भाव एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे त्या तुलनेतून फक्त नाशिकला इतरांपेक्षा जास्त फटका बसला का एवढंच कळतं. प्रकरणाचं शीर्षकही तेवढंच ठेवा.

गाईडनी शेतकऱ्यांची प्रश्नावली मागितली तर 'बंदीमुळे नुकसान झाले का' हा पाच पर्यायांचा प्रश्न टाळा, उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी परवानगी घेऊन हिशोबपट्टी (विक्रीची पावती) पाहा: तारीख, वजन, भाव, हमाली-तोलाई, हातात पडलेली रक्कम. हीच तारीख तुमच्या आठवड्याच्या मालिकेशी जोडता येते.