डेल झालेलं खातं

प्रश्न : आमच्या हळदीच्या अडतीचा जुना हिशेब डॉसवरच्या (आज्ञा टाइप करून चालवायच्या जुन्या प्रणालीवरच्या) संगणकात आहे. जागा मोकळी करताना 'डेल' ही फाइल पुसण्याची आज्ञा दिली आणि १९९४ चं खातं गेलं. परत मिळेल का?
– एक वाचक, मार्केट यार्ड, सांगली

उत्तर : आधी त्या डिस्कवर काहीही लिहू नका, साधं पत्रही सेव्ह करू नका. 'डेल'नं मजकूर लगेच पुसला जात नाही. डिस्कवरच्या फाइलींच्या यादीत त्या फाइलीच्या नावाचं पहिलं अक्षर बदलतं आणि ती जागा 'रिकामी' म्हणून नोंदली जाते. नवं काही लिहिलं की मात्र जुनं खरोखर जातं.

'व्हीईआर' टाइप करून डॉसची आवृत्ती पाहा. एमएस-डॉस ५ (१९९१) किंवा ६ असेल, तर त्या फोल्डरमध्ये जाऊन 'अनडिलीट' द्या. ते गेलेलं पहिलं अक्षर विचारतं, तेवढं आठवून सांगा. फाइल तुकड्यातुकड्यांत साठलेली असेल तर अर्धवटच मिळेल, तीही ठेवा.

फाइल मिळाली की त्याच दिवशी प्रती काढा. गणपती पेठेत एका पेढीवर हिशेब लिहायचो, तेव्हा प्रत नसल्यामुळे आम्ही अख्खं वर्ष रोजमेळावरून पुन्हा भरलं होतं. ते दिवस मी विसरलेलो नाही. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत सगळं मावत नाही, म्हणून आधी 'अ‍ॅट्रिब' या आज्ञेनं सर्व फाइलींना 'अधिक ए' (+A), म्हणजे 'प्रत काढायची बाकी' अशी खूण द्या, मग प्रत काढणाऱ्या 'एक्सकॉपी' आज्ञेला 'स्लॅश एम' (/M) जोडून ती द्या. प्रत झालेल्या फाइलीची खूण निघते. फ्लॉपी भरली की दुसरी घाला, तीच आज्ञा पुन्हा द्या. काम राहिलेल्या फाइलीपासून पुढे चालतं.