नवी मादी आणल्यापासून आमचा ससा तिच्या मागे धावतो, केस उपटतो. दोघांना एकत्र कधी ठेवू?

इतक्यात नको. आधी दोघांची नसबंदी करा. नराची झाली तरी पुढचे 4 ते 6 आठवडे मादी गाभण राहू शकते, हे बरेच जण विसरतात. तोवर पिंजरे शेजारी, पण मध्ये चार बोटं अंतर.

पहिली भेट दोघांनाही अनोळखी जागेत. आमची बाथरूममध्ये चटई टाकून झाली. तिसऱ्या आठवड्यात तिने त्याच्यापुढे डोकं खाली घातलं आणि साहेबांनी मुकाट्याने चाटलं! थोडा पाठलाग, अंगावर चढणं चालायचंच. एकमेकांभोवती गरागरा फिरून चावायला लागले, तर मध्ये जाड टॉवेल टाका. हात घालू नका.

या ताणात कुणी 10-12 तास खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या, तर सकाळची वाट न बघता सशांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा.