टर्मिनलमध्ये फुटतं, एडिटरमध्ये चालतं: लोकेलचा घोळ कुठून शोधायचा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. लिनक्स डेस्कटॉपवर टर्मिनलमध्ये काहीही चालवलं की पर्ल 'सेटिंग लोकेल फेल्ड' म्हणून कुरकुरतं. पायथनची स्क्रिप्ट 'अनसपोर्टेड लोकेल सेटिंग' म्हणून पहिल्याच ओळीत थांबते, पण तीच स्क्रिप्ट एडिटरच्या रन बटणावरून सुरळीत चालते. दुसरं मशीन विंडोजचं. तिथे तीच स्क्रिप्ट मराठी नावांची सीएसव्ही वाचताना 'चारमॅप'चा एरर देते, तोही काही फायलींवर, काहींवर नाही. या सगळ्यात तुम्ही पायथन तीनदा टाकून झालंय. आता चौथ्यांदा टाकू नका. पायथन ठणठणीत आहे, आणि तीनदा टाकल्यामुळे आणखी एक भानगड तयार झाली असणार, तिच्याकडे शेवटी येतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. लोकेल म्हणजे भाषा, तारखा, आकडे आणि अक्षरं कशी हाताळायची याचं सेटिंग. ते कॉम्प्युटरचं नसतं, चालू असलेल्या प्रोसेसचं, म्हणजे चालू प्रोग्रॅमचं असतं. प्रत्येक प्रोग्रॅमला ते आपल्या जन्मदात्याकडून, म्हणजे ज्याने त्याला सुरू केलं त्याच्याकडून, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या, म्हणजे नाव-किंमत अशा नोंदींच्या रूपात मिळतं. टर्मिनलमधून सुरू केलेल्या प्रोग्रॅमचा बाप शेल, म्हणजे तुमच्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम. आयकॉनवरून सुरू केलेल्याचा बाप डेस्कटॉप सेशन. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून) चालणाऱ्याचा बाप क्रॉन, आणि तो पोराला जवळजवळ रिकाम्या हाताने घराबाहेर काढतो. त्यामुळे 'माझ्या मशीनवर लोकेल काय आहे' असं विचारण्यात अर्थ नाही. जो प्रोग्रॅम फुटतोय त्यालाच विचारायचं. स्क्रिप्टच्या वर तात्पुरत्या चार ओळी टाका: कुठलं पायथन चालू आहे ते सिस.एक्झिक्युटेबल सांगेल, लोकेल.गेटप्रिफर्डएन्कोडिंग एन्कोडिंग (अक्षरांचे बाइट करण्याची पद्धत) सांगेल, सिस.एसटीडीआउट.एन्कोडिंग आउटपुटचं सांगेल, आणि ओएस.एन्व्हायरनमधून 'लँग' व 'एलसी'ने सुरू होणारे सगळे व्हेरिएबल छापा. एकदा टर्मिनलमधून चालवा, एकदा रन बटणावरून. दोन्ही आउटपुट शेजारी ठेवलीत की फरक दिसेल.

(कमांड आणि व्हेरिएबलची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना ती रोमनमध्ये, व्हेरिएबल मोठ्या अक्षरांत आणि 'एलसी'नंतर अंडरस्कोअर.)

फरक काय दिसेल याचा माझा अंदाज सांगतो. कुठल्यातरी जुन्या उत्तरातून तुम्ही 'एक्सपोर्ट एलसी_ऑल' अशी ओळ उचलून घरच्या डिरेक्टरीतल्या डॉट-बॅशआरसी फाइलमध्ये चिकटवली आहे, आणि तिच्यात मराठीचं लोकेल दिलंय, म्हणजे एमआर_आयएन. ती फाइल फक्त बॅश शेल उघडताना वाचली जाते. डेस्कटॉप सेशनला तिचा पत्ताही नसतो. म्हणून रन बटण शहाणं आणि टर्मिनल वेडं. आणि ते लोकेल तुमच्या मशीनवर तयारच केलेलं नाही, म्हणून पर्लची तक्रार. व्हेरिएबलमध्ये नाव लिहिलं म्हणून लोकेल अस्तित्वात येत नाही. त्याची माहिती आधी सिस्टीमवर बनवलेली असावी लागते.

'लोकेल -ए' ही कमांड बनवलेल्या लोकेलची यादी देते. यादीत 'यूटीएफ८' असं छोट्या अक्षरांत, मधल्या आडव्या रेघेशिवाय दिसेल. तुम्ही 'यूटीएफ-८' लिहिलं असेल तरी दोन्ही एकच, त्या स्पेलिंगपायी रात्र घालवू नका. एमआर_आयएन यादीत नसेल तर डेबियन किंवा उबंटूवर सुडो लावून 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स' चालवा, मेनूतून हवं ते निवडा, लॉगआउट करून परत या. फेडोरावर त्यासाठी 'जीलिबसी-लँगपॅक-एमआर' हे पॅकेज टाकावं लागतं. आर्चवर ईटीसीमधल्या लोकेल.जेन फाइलमधली ओळ उघडी करून 'लोकेल-जेन' चालवायचं.

पण थांबा. तुम्हाला मराठी लोकेल हवंय कशाला? मराठी मजकूर हाताळण्यासाठी मराठी लोकेल लागत नाही. लागतं ते यूटीएफ-८ एन्कोडिंग. भाषा वेगळी आणि एन्कोडिंग वेगळं, पण एकाच नावात दोन्ही बसवल्यामुळे माणूस फसतो. एमआर_आयएनमुळे तारखांतले महिने मराठीत येतील, अकारविल्हे मराठीचं लागेल, जिथे भाषांतर झालंय तिथे प्रोग्रॅमचे संदेशही मराठीत येतील. देवनागरी अक्षरं वाचणं-लिहिणं मात्र इंग्रजीचं यूटीएफ-८ लोकेलही तितकंच नीट करतं, आणि कसलीच भाषा नको असेल तर 'सी.यूटीएफ-८' आहेच. जीलिबसीच्या (लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या) मूळ वितरणात ते २०२२ च्या २.३५ आवृत्तीपासून आहे, डेबियनमध्ये त्याच्या बरंच आधीपासून. प्रोग्रॅमिंगच्या मशीनवर मी इंग्रजी यूटीएफ-८ ठेवतो. एरर इंग्रजीत आला तर तो शोधता येतो, हे साधं कारण.

एलसी_ऑलबद्दल माझं मत जरा कडक आहे. अग्रक्रम असा: एलसी_ऑल दिलं असेल तर तेच खरं, बाकी सगळं रद्द. ते नसेल तर त्या-त्या कामाचं व्हेरिएबल, म्हणजे अक्षरांसाठी एलसी_सीटाइप, आकड्यांसाठी एलसी_न्यूमरिक, क्रम लावायला एलसी_कोलेट, तारखांसाठी एलसी_टाइम. तेही नसेल तर लँग. म्हणजे एलसी_ऑल हा हातोडा आहे. एखाद्या कमांडच्या आधी एका ओळीपुरता वापरायचा, उदाहरणार्थ सॉर्टचा क्रम सगळ्या मशीनवर सारखा यावा म्हणून 'एलसी_ऑल=सी सॉर्ट'. कायमचा ठोकून ठेवला की पुढे सेटिंग्जमध्ये काहीही बदला, टर्मिनल ढिम्म. तुमची ती ओळ पुसा आणि सेशनभराचं लोकेल लँगमधूनच येऊ द्या. उबंटूवर ते 'ईटीसी/डिफॉल्ट/लोकेल' या फाइलमध्ये असतं आणि 'अपडेट-लोकेल' कमांडने बदलतं.

क्रमाची भानगड किरकोळ समजू नका. २०१८ साली जीलिबसी २.२८ मध्ये क्रम लावण्याचे नियम बदलले आणि ज्यांच्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या इंडेक्समध्ये (शोध जलद करणाऱ्या सूचीत) मजकूर होता त्यांचे इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेले राहिले. डेटा जागेवर, पण शोधला तर सापडेना. रीइंडेक्स करणं हाच उपाय होता.

आकड्यांच्या बाबतीत मी स्वतः पोळलोय. सी प्लस प्लसमधला आलेख काढणारा डेस्कटॉप प्रोग्रॅम, माझाच लिहिलेला. एका वापरकर्त्याकडे सगळे बिंदू पूर्णांकांवर चिकटलेले. ३.१४ च्या जागी ३. माझ्याकडे काही केल्या होईना. दोन दिवस मी फाइल वाचणारा कोड उलटापालटा केला. शेवटी कळलं की त्याने सेटिंग्जमध्ये 'फॉरमॅट्स' जर्मन ठेवले होते, भाषा इंग्रजीच. जर्मनमध्ये दशांशचिन्ह स्वल्पविराम, त्यामुळे मजकुरातून आकडा काढणारं एसटीआरटीओडी फंक्शन टिंबापाशी येऊन थांबायचं आणि उरलेलं सोडून द्यायचं. एरर नाही, वॉर्निंग नाही. गंमत अशी की सी भाषेचा प्रोग्रॅम सुरू होताना 'सी' लोकेलमध्येच असतो. जोवर कुणी सेटलोकेल रिकामं नाव देऊन हाक मारत नाही तोवर तो वापरकर्त्याच्या सेटिंगकडे बघतच नाही. मी हाक मारलीच नव्हती. क्यूटीने, म्हणजे खिडक्या-बटणांसाठी वापरलेल्या लायब्ररीने मारली होती, ॲप्लिकेशन ऑब्जेक्ट बनताना, माझ्या वतीने. त्यानंतर लगेच एलसी_न्यूमरिक परत 'सी' केलं आणि प्रश्न मिटला. आज लिहीत असतो तर सी प्लस प्लस १७ मधलं फ्रॉम_चार्स वापरलं असतं, ते लोकेलकडे ढुंकून बघत नाही. पायथनचं फ्लोटही बघत नाही, तेव्हा या बाबतीत तुम्ही सुरक्षित आहात.

आता विंडोज, आणि 'काही फायलींवर फुटतं, काहींवर नाही' हे कोडं. हा भाग मला फार आवडतो.

विंडोजवर पायथनला एन्कोडिंग न सांगता फाइल उघडायला लावली की ते सिस्टीमचं जुनं कोडपेज, म्हणजे बाइट आणि अक्षरांचा जुना तक्ता वापरतं, आणि इंग्रजी सेटिंगच्या मशीनवर ते असतं १२५२. देवनागरीसाठी सिस्टीमचं म्हणून निवडता येईल असं एक-बाइटी कोडपेज विंडोजमध्ये कधी नव्हतंच, त्यामुळे 'योग्य कोडपेज' शोधत बसू नका. तुमची फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे, जिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं (बाइट हेक्स आकड्यांत लिहितोय): पहिला ई०, दुसरा ए४ किंवा ए५, तिसरा बदलता. १२५२ मध्ये पाच बाइटांना काही अर्थच नेमलेला नाही: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. पाय मोडण्याच्या चिन्हाचा शेवटचा बाइट ८डी. ऱ्हस्व उकाराचा ८१. ए चा ८एफ, ऐ चा ९०, झ चा ९डी. म्हणजे फाइलमध्ये एक जरी जोडाक्षर किंवा 'मुलगा'मधला उकार आला की पायथन एरर देऊन थांबणार. आणि 'मराठी', 'कमल', 'गणेश' एवढेच शब्द असतील तर? एकही बाइट अडत नाही, एरर येत नाही, आणि आत शुद्ध कचरा वाचला जातो. थांबलेली फाइल बरी. बिनबोभाट चाललेल्या फायली आधी तपासा, त्यांतून काही डेटाबेसमध्ये गेलं असेल तर तो कचरा आता तिथे बसलाय.

तो कचरा ओळखायचा कसा? डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए, आणि त्याच्या लगेच पुढे चारी कोपऱ्यांना पाय फुटलेला छोटा गोल किंवा जपानी येनचं चिन्ह. ही जोडी दर दोन-तीन अक्षरांनी पुन्हा पुन्हा दिसली की ती १२५२ च्या चष्म्यातून पाहिलेली देवनागरीच. ई०, ए४ आणि ए५ यांचीच ती रूपं आहेत. असा मजकूर बहुतेक वेळा परत फिरवता येतो: १२५२ मध्ये एन्कोड करा, यूटीएफ-८ म्हणून डिकोड करा. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मात्र मूळ बाइट गेले, मूळ फाइल असेल तरच वाचलात.

उपाय सोपा. ओपन लिहाल तिथे एन्कोडिंग यूटीएफ-८ स्पष्ट लिहा, दरवेळी. फाइल स्प्रेडशीटमधून सेव्ह केलेली असेल तर 'यूटीएफ-८-सिग' लिहा, नाहीतर सुरुवातीचं अदृश्य बीओएम चिन्ह पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटतं आणि डोळ्यांना दिसणारं नाव कोडला सापडत नाही. कुठे लिहायचं राहिलंय ते पायथनच दाखवेल: ३.१० पासून 'एक्स' पर्यायासोबत वॉर्न_डिफॉल्ट_एन्कोडिंग द्या. जुना, दुसऱ्याचा, हात न लावण्यासारखा कोड असेल तर पायथनयूटीएफ८ हा व्हेरिएबल १ करा. पायथनआयओएन्कोडिंग सुचवणारे पुष्कळ भेटतील, पण ते फक्त इनपुट-आउटपुटच्या प्रवाहांपुरतं आहे, ओपनवर त्याचा काही परिणाम नाही. पेप ६८६ या पायथनच्या अधिकृत प्रस्तावानुसार ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट ठरलंय. जावाने हे २०२२ मध्येच आवृत्ती १८ ला केलं.

स्क्रीनवर मराठी नीट छापलं जातं पण आउटपुट फाइलकडे वळवलं की फुटतं, हेही तुम्हाला कधीतरी भेटेल. ३.६ पासून पायथन विंडोजच्या कन्सोलशी युनिकोडमध्येच बोलतं, पण आउटपुट वळवलं की पुन्हा जुनं कोडपेज. तिथेही पायथनयूटीएफ८ चालतं. शिवाय पॉवरशेल ५.१ मध्ये बाणाने वळवलेली फाइल यूटीएफ-१६ होते, हे वेगळंच. विंडोजच्या रीजन सेटिंग्जमध्ये संपूर्ण सिस्टीमच यूटीएफ-८ करण्याचा 'बीटा' लिहिलेला चौकोन आहे. मी तो टिचकत नाही. काही जुने प्रोग्रॅम त्यानंतर आपला मजकूर भलताच दाखवतात.

राहिलं तीनदा टाकलेलं पायथन. विंडोजवर 'व्हेअर पायथन' चालवा. एकाहून जास्त ओळी येतील, आणि त्यांतली एक 'विंडोजॲप्स' फोल्डरची असेल तर ते पायथन असेलच असं नाही, बऱ्याचदा तो मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडणारा नुसता दरवाजा असतो. सेटिंग्जमधल्या ॲप एक्झिक्युशन एलियासमध्ये जाऊन तो बंद करा. लिनक्सवर यासाठी 'विच -ए'. पॅकेज टाकलं तरी सापडत नाही अशी वेळ आली तर पिप (पॅकेज टाकणारी कमांड) एका पायथनचं आणि स्क्रिप्ट दुसऱ्या पायथनवर, हे गृहीत धरा. पिप थेट न चालवता 'पायथन -एम पिप' चालवायची सवय लावा, मग दोघांचं घर एकच राहतं.

पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी) दुरुस्त करताना 'सेटएक्स' कमांडने जुना पाथ जोडून नवा लिहू नका. ती १०२४ अक्षरांवर मजकूर छाटते, आणि सिस्टीमचा व तुमचा पाथ एकत्र करून तुमच्या खात्यात कोंबते. माझा अर्धा पाथ असाच गेला होता, आणि जुन्या खिडक्या उघड्या असल्यामुळे मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. चालू प्रोसेसला नवे व्हेरिएबल मिळत नाहीत, जन्माच्या वेळी मिळालं तेवढंच. म्हणून बदल सेटिंग्जच्या खिडकीतून करा, मग टर्मिनल आणि एडिटर दोन्ही पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, आणि त्या चार ओळी परत एकदा चालवा.