वाचकांचे प्रश्न : नील यंग, पांढरी पाचचा बाजा आणि सैल तारा

नील यंगचे अल्बम १९६८पासून क्रमाने ऐकायला घेतले आणि ऐंशीच्या दशकात अडकलो. पुढे जाऊ का? – एक वाचक, मुलुंड

क्रम सोडा. या गायकाच्या कामाला स्लो आणि फास्ट अशा दोन लाइनी आहेत आणि तो मनाला येईल तेव्हा डबा बदलतो. अकूस्टिक लाइनीवर ‘हार्वेस्ट’ (१९७२) आणि ‘हार्वेस्ट मून’ (१९९२), तर क्रेझी हॉर्स बँडसोबतच्या इलेक्ट्रिक लाइनीवर ‘एव्हरीबडी नोज धिस इज नोव्हेअर’ (१९६९) आणि ‘रॅग्ड ग्लोरी’ (१९९०). आधी ‘रस्ट नेव्हर स्लीप्स’ (१९७९) लावा. त्याची एक बाजू अकूस्टिक आहे, दुसरी इलेक्ट्रिक. कुठली लाइन आपली, ते तासाभरात कळेल.

तुम्ही बहुधा ‘ट्रान्स’पाशी अडकलात. त्यात आवाज व्होकोडर, म्हणजे गळ्याचा आवाज यंत्रमानवासारखा करणाऱ्या यंत्रातून काढलाय. स्वतःच्या बोलू न शकणाऱ्या मुलाशी संवाद साधण्याची धडपड त्यामागे होती. पुढच्याच अल्बममध्ये त्याने पन्नासच्या दशकातलं रॉकॅबिली (कंट्री संगीताच्या वळणाचं रॉक अँड रोल) गायलं. हे नील यंगसारखं वाटतच नाही, म्हणून १९८३मध्ये त्याच्याच रेकॉर्ड कंपनीने त्याच्यावर दावा ठोकला! ‘ट्रान्स’ ऐका जरूर, पण चौथा नको, चौदावा. तूर्त थेट ‘फ्रीडम’वर (१९८९) उडी मारा.

‘हार्ट ऑफ गोल्ड’साठी सी पट्टीचा माउथ ऑर्गन आणला. गिटारशी जुळतच नाही. बाजा खराब आहे का? – एक वाचक, गिरगाव

बाजा ठीक आहे, पट्टी चुकली. या गाण्याला जी पट्टीचा, म्हणजे पांढरी पाचचा, दहा छिद्रांचा डायटॉनिक (एकाच पट्टीचे सूर असलेला) बाजा लागतो. गिटारवर ई मायनर, सी, डी, जी हे कॉर्ड आहेत. डी कॉर्डमध्ये काळी तीनचा सूर येतो आणि सीच्या बाजावर त्या जागी पांढरी चार आहे. त्यामुळे डीवर आलात की हमखास खटकणार.

जीच्या बाजावर ई मायनरचे तिन्ही सूर जवळजवळ आहेत : ६वं छिद्र आत ओढून ई, ७वं फुंकून जी, ५वं फुंकून बी. आधी हे तीन स्वच्छ, एकेकटे काढा. गिटारला दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावलात, तर बाजाही पांढरी सहाचा हवा. हे विसरलात की पुन्हा तीच तक्रार.

सीपेक्षा जीचा बाजा खालच्या सुरातला. त्याच्या आतल्या, सूर काढणाऱ्या धातूच्या पत्त्या सावकाश हलतात. डावीकडच्या छिद्रांत जोरात फुंकलं की पत्ती गुदमरते आणि सूर बसतो, म्हणून श्वास हलका ठेवा. गळ्यातल्या स्टँडचे स्क्रू पक्के आवळा. बाजा ओठांच्या उंचीवर हवा. मान खाली घालावी लागली, तर श्वासही अडतो आणि गिटारवरचा हातही बिघडतो. मुंबईच्या हवेत बाजाचा लाकडी कोंब (छिद्रं असलेला मधला भाग, इंग्रजीत comb) फुगतो आणि ओठांना टोचतो, त्यामुळे प्लॅस्टिकचाच घ्या. वाजवण्याआधी चूळ भरा, नंतर छिद्रं खाली करून तळहातावर आपटा.

नील यंगची अकूस्टिककडची ही ओढ थोडी नाइलाजाचीही होती. १९७१मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे जड इलेक्ट्रिक गिटार पेलवत नव्हती.

त्याची इलेक्ट्रिक गाणी वाजवताना तारा खरखरतात. ट्यूनिंग वेगळं असतं का? – एक वाचक, बोरिवली

‘सिनॅमन गर्ल’सारख्या गाण्यांत हो. पहिली आणि सहावी, दोन्ही तारा ईवरून डीवर उतरवतात. मोकळ्या चौथ्या तारेशी जुळवा : सहावी तिच्या एक सप्तक खाली, पहिली एक सप्तक वर. सूर डीच्याही खाली नेऊन मग वर चढवा, नाहीतर खुंटीतला ढिलेपणा तसाच राहतो आणि दोन मिनिटांत तार उतरते. मानेवरचा ताण घटल्याने उरलेल्या चार तारा किंचित चढतात, त्या शेवटी पुन्हा लावा. जी कॉर्डसाठी सहावी तार आता ३ऱ्या नव्हे, ५व्या पडद्यावर दाबायची.

खरखर बहुधा ०९च्या पातळ तारांच्या सेटमुळे असेल (हा आकडा तारेच्या जाडीचा). त्याहून जाड १०–४६चा सेट चढवा. वरच्या नटमध्ये (खुंट्यांजवळच्या खाचा असलेल्या पट्टीत) तार अडकून ‘टिक’ वाजत असेल, तर खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. पावसाळ्यात गिटार ओल धरलेल्या भिंतीला टेकवू नका, केसमध्ये सिलिका जेल टाका.

नील यंगच्या गिटारच्या आवाजाचा फाटकेपणा पेडलपेक्षा जास्त जुन्या, लहान, साधारण १५ वॉटच्या व्हॉल्व्ह अँपचा. त्याचा आवाज पूर्ण उघडला की गिटारचा सूर फाटतो. पायाने बटण दाबलं की अँपची बटणं मोटरने फिरवणारं खास यंत्रही त्याने करून घेतलंय. फ्लॅटमध्ये मात्र १५ वॉट पूर्ण उघडू नका, सेक्रेटरी दारात येतील. हेडफोनचं मॉडेलिंग अँप (जुन्या अँपच्या आवाजाची नक्कल करणारं) पुरेल.

‘आर्काइव्हज’चे संच घ्यावेत का? – एक वाचक, दादर

हे त्याच्या जुन्या रेकॉर्डिंगचे मोठे संच आहेत. पहिल्या दहा अल्बमांवर प्रेम जडलं असेल तरच घ्या. तीन संच निघालेत, २००९, २०२० आणि २०२४मध्ये. एकच घ्यायचा तर दुसरा, १९७२ ते १९७६चा. त्याचा सगळ्यात बेभरवशाचा आणि सगळ्यात चांगला काळ तोच.