दुसऱ्या डोमेनवर कुलूप का लागत नाही?

प्रश्न: आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची संत्र्यांची वेबसाइट डॉट कॉमवर आहे. आंबिया बहाराच्या पेट्यांवर छापायला त्याच नावाचं डॉट इन घेतलं, त्याच सर्व्हरकडे वळवलं आणि तिथून डॉट कॉमवर रिडायरेक्टही लावलं. तरी पेटीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. असं का?
— एक वाचक, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर: रिडायरेक्टपर्यंत गाडी पोचतच नाही. एचटीटीपीएसमध्ये, म्हणजे सुरक्षित कनेक्शनमध्ये, ब्राउझर आधी सर्टिफिकेट (साइट त्याच नावाची असल्याचा डिजिटल दाखला) बघतो, रिडायरेक्ट त्यानंतर. डीएनएसने, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेने, सर्व्हर दाखवला, पण सर्टिफिकेटवर डॉट इन कुठंच नाही. सातबाऱ्यावर नाव नसेल, तर वावर तुम्हीच वाहता हे सांगून बँक ऐकत नाही, तसंच हे.

नावं चार लागतील: डॉट कॉम, डॉट इन आणि दोन्हींची डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू रूपं. नुसत्या डॉट इनला सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी डीएनएस नोंद) चालत नाही, तिथं ए रेकॉर्डमध्ये (नावापुढे थेट पत्ता लिहायची नोंद) सर्व्हरचा आयपी पत्ता भरा. सीनेम डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला ठेवा. वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्येही चारही नावं हवीत.

लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं सर्टिफिकेट सर्टबॉट या प्रोग्रामने घेत असाल, तर 'एक्सपांड' पर्याय देऊन चारही नावं पुन्हा लिहा. फक्त नवीन दोन लिहाल तर जुन्या सर्टिफिकेटमध्ये भर पडणार नाही. वाइल्डकार्डच्या, म्हणजे एका डोमेनच्या सगळ्या उपनावांना चालणाऱ्या सर्टिफिकेटच्या, भानगडीत पडू नका. डॉट कॉमचं वाइल्डकार्ड डॉट इनला लागू होत नाही.

सर्टिफिकेट देण्याआधी डोमेन तुमचंच आहे का, याची लेट्स एन्क्रिप्ट पडताळणी करतं. ती अडते बहुतेकदा दोन ठिकाणी. एक, फायरवॉलमध्ये पोर्ट 80 (तपासणी ज्या दारातून येते ते) बंद. दुसरं लवकर लक्षात येत नाही: डोमेन विकणाऱ्याने आधीच टाकलेला 'एएएए' रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही6 या नव्या प्रकारच्या पत्त्याची नोंद. लेट्स एन्क्रिप्ट आयपीव्ही6 ला पसंती देतं, त्यामुळे तपासणी भलत्याच सर्व्हरवर जाते, आणि आयपीव्ही4 वरून बघणाऱ्या तुम्हाला मात्र सगळं ठीक दिसतं. तो रेकॉर्ड काढा. आधी 'ड्राय रन', म्हणजे नुसती चाचणी, करा, कारण एका नावाची पडताळणी तासात 5 वेळा फसली की थांबावं लागतं.

सर्टिफिकेट 90 दिवसांचं असतं, नूतनीकरण सर्टबॉट आपोआप करतो. पण पुढं डॉट इनचं वार्षिक शुल्क भरायचं राहिलं, तर त्या नावाची पडताळणी फसते, चारही नावांचं नूतनीकरण अडतं आणि मुदत संपली की डॉट कॉमवरही तोच इशारा. डॉट इन सोडायचंच असेल, तर आधी ते यादीतून वगळून सर्टिफिकेट नव्यानं घ्या.